तारण काय, असं विचारणाऱ्या बँकांना

प्रति,
राज्यस्तरीय बँकर्स समिती, महाराष्ट्र
आणि समितीच्या सर्व सदस्य बँका

महोदय, महोदया,

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या काही ग्रामसभांचे हिशेब लिहिते. मे महिन्यात तेंदूपानं जमा होतात त्या फळीवर बसून पुडे मोजायचे, बांबू तोडणीच्या कूपात कुणाचे किती दिवस भरले ते हजेरीपटावर चढवायचं, मार्च संपला की कागदांचं गाठोडं घेऊन सीएकडे जायचं, असं माझं वर्ष चालतं. या कामात एक प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की त्याचं उत्तर एकदा सगळ्यांसमोर द्यावं असं वाटलं. प्रश्न तुमच्याच टेबलावरचा आहे : "तारण काय देणार?"

एका फेब्रुवारीत एका गावच्या ग्रामसभेचे अध्यक्ष, बचत गटातल्या दोघी जणी आणि मी, असे चौघं तालुक्याला एका बँकेत गेलो होतो. बँकेचं नाव सांगत नाही. तिथले साहेब माणूस म्हणून चांगले होते, त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला. ग्रामसभेला त्या वर्षी गावातला मोह स्वतः विकत घेऊन पावसाळ्यापर्यंत राखायचा होता. त्यासाठी सहा-सात महिन्यांपुरतं खेळतं भांडवल हवं होतं. अध्यक्षांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरात जपलेलं सामूहिक वनहक्काचं अधिकारपत्र काढलं आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं. त्यावर जिल्हाधिकाऱ्यांची सही आहे, वनविभागाची आहे, आदिवासी विकास विभागाची आहे. साहेबांनी ते मन लावून वाचलं. मग विचारलं, "ही जमीन गहाण टाकता येते का?"

"नाही जी," अध्यक्ष म्हणाले. "जंगल गहाण नाही पडत."

"मग मी कशावर देऊ?"

तरीही त्यांनी आमचा अर्ज संगणकावर चढवून पाहिला. 'संस्थेचा प्रकार' या रकान्यात एकल मालकी, भागीदारी, कंपनी, सहकारी संस्था, न्यास असे पर्याय होते. ग्रामसभा नव्हती. "ग्रामपंचायत टाकू का?" त्यांनी विचारलं. आम्ही नको म्हटलं. ग्रामपंचायत निवडून येते आणि तिच्यात चार-पाच गावं असू शकतात. ग्रामसभा म्हणजे एका गावातली सगळी प्रौढ बाया-माणसं. वनहक्क कायद्यानं हक्क दिला तो या दुसरीला. अर्ज तिथंच थांबला. बाहेर आल्यावर अध्यक्ष मला म्हणाले, "त्यांचं बी काही चुकलं नाही बाई. त्यांच्या कागदात आपण बसतच नाही."

मला ते वाक्य लागलं. ज्या ग्रामसभेकडे शेकडो हेक्टर जंगलाची राखण आणि त्यातल्या उपजाचा हक्क आहे, तिला बँकेच्या कागदात जागा नाही, आणि त्याच गावात मोटारसायकलवर वजनकाटा बांधून येणाऱ्या व्यापाऱ्याला कॅश क्रेडिट आहे.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात लिहिते. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी, ती गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला. गौण वनोपज म्हणजे काय तेही कायद्यात नावानिशी आहे : बांबू, वेत, मध, मेण, लाख, कोसा, तेंदूपानं, औषधी वनस्पती, कंदमुळं. गावाच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याचा आणि त्याचा कारभार करण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. विकायचा हक्क आणि राखायची जबाबदारी एकाच हातात दिली, हे या कायद्याचं मोठेपण आहे. आणि कलम ४(४) म्हणतं, की हा हक्क वारसानं पुढे जाईल, पण तो विकता येणार नाही, कुणाच्या नावावर करून देता येणार नाही.

तुमच्या भाषेत ही मालमत्ता तारण म्हणून निरुपयोगी. आमच्यासाठी हे कलम सगळ्यात महत्त्वाचं आहे. आदिवासींच्या शेतजमिनी कर्जापायी कशा गेल्या, हे या राज्याला माहीत आहे. त्या परत मिळवून देण्यासाठी १९७४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला होता. जंगल गहाण पडू शकलं असतं, तर आज त्याचीही तीच गत झाली असती. म्हणून तुमच्याकडे माझं पहिलं मागणं हे, की जंगल गहाण पडत नाही ही आमची उणीव म्हणून वहीत लिहू नका. दुसरं काहीतरी तारण म्हणून धरायला शिका. ते काय, तेच सांगण्यासाठी पुढचं पत्र.

त्याआधी तुम्हाला एका मोहाच्या झाडाखाली न्यायचं आहे.

मोह मार्चच्या सुमाराला गळायला लागतो. फूल रात्री उमलतं आणि पहाटेपासून सकाळभर टपटपत राहतं. फिकट पिवळं, रसरशीत, बोटांत धरलं तर चिकट. ऊन चढायच्या आत वेचावं लागतं, कारण हरणं, रानडुकरं, गुरं, अस्वलं सगळ्यांनाच ते हवं असतं. गेल्या खेपेला मी एका आजींसोबत गेले होते. अंधार होता, आजींच्या हातात बॅटरी होती, आणि चालताना त्या मधूनमधून काठी खोडावर आपटत होत्या. अस्वल असलं तर त्याला कळावं म्हणून. झाड रानात, सातबारा कुणाचाच नाही, पण अख्ख्या गावाला ठाऊक की हे झाड आजींच्या घराचं. दुसरं कुणी त्या झाडाखालचं फूल उचलत नाही. आपल्या झाडाचा घेर संपला तिथं आजींचा हात थांबला. पलीकडं वीतभर अंतरावर फुलांचा सडा पडला होता. तो पुतणीच्या झाडाचा.

वेचलेली फुलं अंगणात तीन-चार दिवस उन्हात पसरतात. रंग पिवळ्याचा तपकिरी-लाल होतो. वाळली की नाही ते आजी असं बघतात : मूठभर फुलं घट्ट आवळायची आणि मूठ उघडायची. फुलं एकमेकांना चिकटून गोळा झाला तर अजून ऊन हवं, सुटी झाली तर कणगीत घालायची. या परीक्षेत उतरलेला मोह पावसाळाभर टिकतो. ओला राहिलेला बुरशी धरतो.

आता या फुलाचा व्यवहार बघा. एप्रिलमध्ये घरात पैसा नसतो. दुकानाची उधारी थकलेली असते, लग्नसराई असते, पुढं धानाच्या बियाण्याची सोय करायची असते. आठवडी बाजारात एकदम सगळ्या गावांचा मोह येतो आणि भाव पडतो. त्यात व्यापारी ओलीच्या नावाखाली कडता कापतो. आजींनी मूठ उघडून दाखवली तरी कापतो. मग आषाढ-श्रावण येतो. देवकार्याला, पाहुण्याला, मरणाधरणाला मोह लागतोच, शिवाय पेजेत, भाकरीत घालून खायलाही लागतो. तेव्हा ज्या घरानं एप्रिलमध्ये विकला, तेच घर त्याच व्यापाऱ्याकडून चढ्या भावानं परत विकत घेतं. हे मी हिशेबाच्या वहीत पाहिलं आहे. एकाच घराच्या पानावर उन्हाळ्यात जमेला मोह, पावसाळ्यात खर्चाला मोह, आणि मधला सगळा फरक गावाबाहेर गेलेला.

हा फरक गावात ठेवायला काय लागतं? गावात एक कोरडी खोली, जमिनीपासून उंच फळ्या, चांगली पोती, खरा काटा आणि एप्रिलमध्ये आजींच्या हातात ठेवायला रोख पैसे. पहिल्या चार गोष्टी गाव जमवतं. पाचवी तुमच्याकडे आहे.

भावाचा मुद्दा सगळ्यांना लगेच कळतो. त्याच्यामागं दुसरा एक मुद्दा आहे आणि तो मला जास्त जवळचा आहे. उधारी जंगल खाते. मी हे असंच लिहून टाकत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

मोहाखाली वाळलेल्या पाचोळ्यात फूल दिसत नाही. म्हणून पूर्वापार लोक झाडाखालचा पाचोळा जाळत आले. ती आग कधीकधी हाताबाहेर जाते आणि उन्हाळ्यात रान पेटतं, कोवळी रोपं मरतात, जमिनीवरची घरटी जळतात. आमच्या भागातल्या कितीतरी ग्रामसभांनी ठराव केले आहेत, की मोहाखाली आग लावायची नाही, पाचोळा झाडून काढायचा. झाडायला वेळ लागतो. एका घराची दहा झाडं असली तर दोन माणसांचे कितीतरी दिवस त्यातच जातात, आणि तेही फुलं पडायच्या आधी, जेव्हा हातात दमडी नसते. त्या दिवसांत रोजगार सोडून झाड झाडायला बसायचं, तर त्या घराला आठवडाभराचं धान्य कुणीतरी पुरवायला हवं. झाडाखाली जाळी बांधली तर आगही नको आणि फुलाला मातीही लागत नाही. असा स्वच्छ वेचलेला मोह खाण्याच्या पदार्थांसाठी जास्त दरानं जातो. शेजारच्या छत्तीसगडमधून २०२१ मध्ये वाळवलेला मोह फ्रान्सला गेला, तोही खाद्यपदार्थ म्हणूनच. पण जाळीला पैसे लागतात आणि ते फेब्रुवारीत लागतात.

तेंदूचंही असंच आहे. मे महिन्यात जेमतेम पंधरवडा हंगाम चालतो. आमच्याकडे ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. त्याआधी झुडपांची छाटणी करायची असते म्हणजे नवं, लुसलुशीत पान येतं. ती नीट विळ्यानं केली तर झुडूप टिकतं. पण ज्यानं आगाऊ रक्कम दिलेली असते त्याला पान जास्त हवं असतं आणि लवकर हवं असतं, आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काडी ओढून झुडपं पेटवणं. हंगामात मजुरांना आठ-दहा दिवसांत पैसे हातात द्यावे लागतात. ग्रामसभेकडे ते नसतात. म्हणून लिलावात चांगला दर बोलणाऱ्याला सोडून, आधी रोकड ठेवणाऱ्याला पान द्यावं लागतं. मी हे दोन हंगाम पाहिलं. एका हंगामात तर त्या ठेकेदारानं गोण्या उचलल्या आणि शेवटचा हप्ता दिलाच नाही. बाया माझ्याकडे वही बघायला यायच्या, मी त्यांना वही दाखवायची. वहीत सगळं बरोबर होतं, पैसे तेवढे नव्हते.

चारोळीचं तर बोलायलाच नको. चार, म्हणजे चारोळीचं फळ, पिकायच्या आधी ओरबाडली तर बी हलकं निघतं आणि फांद्या मोडतात त्या वेगळ्याच. पण पहिली चार बाजारात नेली की रोख पैसे मिळतात. एकानं आधी तोडली की दुसऱ्याला थांबणं परवडत नाही. आपल्या जुन्या माणसांनी यावर उपाय केलेला होता. माडिया आदिवासींच्या गावांत मरका पंडुम होतो, मरका म्हणजे आंबा. तो सण झाल्याशिवाय नवा आंबा कुणी तोंडात घालत नाही. सगळं गाव एकदम थांबतं आणि एकदम सुरू करतं. ग्रामसभेचे आजचे ठराव त्याच वळणाचे आहेत : चार अमुक तारखेआधी तोडायची नाही, मधाचं पोळं सगळं कापायचं नाही, मधाचा भाग घ्यायचा आणि पिल्लांचा भाग ठेवायचा, माश्या जाळायच्या नाहीत, बांबूच्या रांजीतला, म्हणजे बेटातला, कोवळा बांबू राखायचा. हे नियम मोडतात तेव्हा लोभानं मोडल्याचं मी फार कमी वेळा पाहिलंय. बहुतेक वेळा घरात दुखणं निघालेलं असतं किंवा दुकानदारानं उधारी बंद केलेली असते.

म्हणून मी म्हणते, की फेब्रुवारीत दिलेलं सहा महिन्यांचं स्वस्त कर्ज हे जंगल राखायचं काम आहे. वणवा विझवायला पाण्याचे टँकर पाठवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

ग्रामसभेच्या हातात व्यवहार आला की ती जंगल राखते का, अशी शंका तुमच्यापैकी कुणाला असेल. तर आधी आमच्याच जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) बघा. धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा परवाना मिळेना, कारण बांबू झाड की गवत यावर वाद. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणा तुम्ही ऐकली असेलच. लोक ती घोषणा सांगतात. त्या गावात निर्णय बहुमतानं होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बैठक चालते, हे तितकंसं सांगत नाहीत. कर्ज देणाऱ्यानं खरं तर तेच आधी विचारायला हवं. जिथं एकही घर विरोधात नाही, तिथं फेडीला कोण नाही म्हणणार?

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव तर मला नेहमी थक्क करतं. २०१२ मध्ये १,००६ हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. बांबूतून चार पैसे येऊ लागले. तेव्हा या गावानं ठरवलं, की तेंदूपान तोडायचंच नाही. पानासाठी झुडपं छाटली की फळ मिळत नाही, रान पेटतं आणि वर विडीनं माणसाच्या छातीचं वाटोळं होतं. हमखास येणारं उत्पन्न त्यांनी सोडलं. शिवाय ३४ हेक्टर जंगल देवाचं म्हणून पूर्ण अस्पर्श ठेवलं. हे पाचगावला जमलं कारण बांबूचे पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात येत होते आणि गावात काम होतं. ज्याच्या घरी पुढच्या महिन्याची तजवीज आहे तोच असा 'नाही' म्हणू शकतो. मी पाचगावकडे जेव्हा जेव्हा बघते तेव्हा माझ्या हाताखालच्या गावांचा विचार येतो. त्यांनाही असं म्हणायचं असतं, पण तितकी उसंत त्यांच्याकडे नाही.

मेळघाटच्या पायथ्याला, अचलपूर तालुक्यात पायविहीर आहे. तिथल्या लोकांनी उजाड माळ राखून हिरवा केला, सीताफळं थेट मुंबईच्या ग्राहकापर्यंत नेली, २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. आमच्या आरमोरीकडचे ढिवर बांधव ऐनाच्या झाडावर कोसा पोसतात. त्यांच्यासाठी ऐन तोडणं म्हणजे स्वतःचा माग तोडणं. उदाहरणं आणखीही आहेत, पण मला यादी वाढवायची नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. मोहफुलावर शंभर वर्षांहून जास्त काळ संशय होता. मुंबई इलाख्यात ब्रिटिशांनी १८९२ मध्ये मोहाविरुद्ध खास कायदा केला होता, गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर बंधनं घातली होती. महाराष्ट्रानं मोहफुलाची वेच-वाहतूक मोकळी केली ती थेट २०२१ मध्ये. वनोपजाला आधारभूत किमतीची केंद्राची योजना २०१३-१४ पासून आहे, २०१८ पासून वनोपजावर प्रक्रिया करणारी वनधन केंद्रं आहेत. तेंदूपानावरचा जीएसटी २०१७ मध्ये १८ टक्के लावला गेला होता, तो २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ५ टक्क्यांवर आणला, हे तर माझ्या वहीसाठी फारच मोठं काम झालं. पण आधारभूत किमतीचा फायदा मिळायला खरेदी केंद्र गावाजवळ आणि वेळेवर उघडायला हवं, आणि मोह त्याच्यासाठी थांबत नाही. आणि या बहुतेक योजनांच्या कागदांवर आमच्या बायांचं नाव 'लाभार्थी' असं येतं. ज्यांच्या मालकीचा माल आहे, त्यांना लाभार्थी म्हणायचं आणि जो माल उचलतो त्याला उद्योजक म्हणायचं, हे मला पटत नाही.

आता तारणाबद्दल.

तुम्ही हे आधी केलेलं आहे. १९९२ मध्ये नाबार्डनं ५०० बचत गटांपासून बँक जोडणीचा प्रयोग सुरू केला तेव्हा त्या बायांकडे तारण काय होतं? काहीच नव्हतं. बँकांनी गटाची वही बघितली, बैठकांची हजेरी बघितली, आपसात दिलेलं कर्ज परत येतं का ते बघितलं, आणि पैसे दिले. तो प्रयोग पुढं देशभर गेला आणि आज तुम्हीच तो अभिमानानं सांगता. ग्रामसभेकडे बचत गटापेक्षा कितीतरी जास्त आहे. कायद्यानं दिलेलं अधिकारपत्र आहे, ठरावाचं रजिस्टर आहे, वाहतूक परवान्याच्या वापरलेल्या पुस्तकांतून किती माल कोणत्या तारखेला गेला त्याची नोंद आहे, तेंदू-बांबूच्या लिलावाचे करार आहेत, पॅन आहे, लेखापरीक्षण आहे. आणि कर्जातून घेतलेला मोह खोलीत कुलपात पडलेला आहे. तो माल तारण धरा. एक किल्ली ग्रामसभेकडे, एक तुमच्याकडे ठेवा. धान आणि सोयाबीन गोदामात ठेवून तुम्ही कर्ज देताच, नीट वाळवलेलं मोहफूलही पावसाळाभर टिकतं. आजींच्या मुठीची परीक्षा तुमच्या निरीक्षकाला शिकवायला मी तयार आहे.

रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम क्षेत्राच्या, म्हणजे बँकांना ठराविक वाटा द्यावाच लागतो त्या कर्जांच्या, नियमांत दुर्बल घटकांसाठी १२ टक्क्यांचं उद्दिष्ट आहे आणि अनुसूचित जमाती त्या घटकांत येतात. हे उद्दिष्ट गाठायला गडचिरोलीत एकेका घराला छोटं-छोटं कर्ज देत फिरण्यापेक्षा ग्रामसभेला एकत्र द्या. वसुलीही एकत्र होईल.

मुदत मात्र आमच्या रानाच्या पंचांगाप्रमाणे हवी. पीककर्जाचं वेळापत्रक खरिपाला धरून असतं. आमचा पैसा फेब्रुवारीच्या शेवटी लागतो आणि मोह, तेंदू विकून झाल्यावर, पोळ्याच्या आसपास परत येतो. मार्चअखेरीचं निमित्त सांगून फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजुऱ्या थांबतात, आणि एप्रिल उजाडून फाईल हलेपर्यंत मोह बाजारात जाऊन पोचलेला असतो.

आदिवासी विकास विभागानं पहिल्या काही वर्षांसाठी हमी निधी उभा करावा आणि बुडालेल्या कर्जाचा काही वाटा उचलावा, असं मला वाटतं. ती मागणी मी त्यांच्याकडे वेगळी करतेच आहे, पण ती तुम्हीही तुमच्या बैठकीत मांडली तर वजन पडेल.

आणि तो रकाना. अर्जात 'ग्रामसभा (वनहक्क कायदा)' असा एक पर्याय घालायला कुठला कायदा बदलावा लागत नाही.

आमच्या बाजूच्या उणिवा मी लपवणार नाही, कारण हिशेब मीच लिहिते. सगळ्याच ग्रामसभा मेंढ्यासारख्या नाहीत. काही ठिकाणी वही दोन-दोन महिने मागं असते. काही ठिकाणी ठेकेदारानं अध्यक्षाला वेगळं काही दिलं आणि लिलावाचा दर खाली आला, हे गावाला उशिरा कळलं. काही बैठकांना पुरुष बोलतात आणि मोह वेचणाऱ्या बाया मागं बसून ऐकतात. एका गावात मी स्वतः एका वर्षी मजुरीच्या यादीत चूक केली, तीन घरांचे दिवस कमी धरले गेले, आणि ती चूक भर सभेत हिशेब वाचताना एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनं पकडली. त्या दिवसापासून मी प्रत्येक गावात हिशेब मोठ्यानं वाचल्याशिवाय सही घेत नाही. तुम्ही कर्ज देताना हीच अट घाला : हप्ता मिळण्याआधी हिशेब सगळ्या गावासमोर वाचला जावा, निम्म्याहून जास्त बाया हजर असाव्यात, आणि खात्यावर सही करणाऱ्यांत एक तरी बाई असावी. शाखाधिकारी वर्षातून एकदा त्या बैठकीला येऊन मागं बसले तर त्यांना कुठल्याही सिबिल अहवालापेक्षा जास्त कळेल. तुमच्या अटींनी आमची गावं सुधारली, तर मला आनंदच आहे.

व्याज माफ करा, कर्ज माफ करा असं मी कुठंही लिहिलेलं नाही. अध्यक्षांना हे पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मुद्दाम विचारलं, "माफीचं तर नाही ना लिवलं?" मी नाही म्हटलं. मग म्हणाले, "बरं केलं. फेडू जी आपण."

त्या वर्षी बँकेकडून परत आल्यावर त्या गावानं काय केलं तेही सांगते. सभा बसली, बांबूच्या मजुरीतून साठवलेल्या ग्रामकोषातून थोडे पैसे काढले, आणि ज्यांना एप्रिलमध्ये विकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं अशा विधवा आणि म्हाताऱ्यांच्याच घरचा मोह ग्रामसभेनं घेतला. शाळेची जुनी खोली साफ करून पोती रचली. पोळ्याच्या आधी तो विकला गेला, बाहेर बाजारात नाही, तर गावातल्याच आणि शेजारच्या गावातल्या घरांना, व्यापाऱ्यापेक्षा कमी भावानं. घातलेले सगळे पैसे कोषात परत आले आणि वर थोडे राहिले. तोट्याचा आकडा माझ्या वहीत नाही. फक्त पोती फार थोडी होती. बाकी गावाचा मोह नेहमीच्याच वाटेनं गेला.

येत्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा येणार आहोत, या वेळी पाच गावांचे अध्यक्ष आणि पाच गावांच्या बाया मिळून. तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, ठरावांच्या नकला आणि वाहतूक परवान्याची पुस्तकं सोबत असतील. खोलीचा नकाशा आणि काट्याची पावती असेल. त्याआधी तुमच्या समितीच्या तिमाही बैठकीत हा विषय घ्या आणि शाखांना लेखी सूचना पाठवा, एवढीच विनंती. सूचना जानेवारी संपायच्या आत शाखेत पोचली तर उपयोग होईल, कारण मोह मार्चमध्ये गळायला लागतो.

आपली,
ग्रामसभांचे हिशेब लिहिणारी एक कार्यकर्ती
गडचिरोली जिल्हा